पहिली भिशी कुणी उचलली?

जून उजाडला की कफ परेडच्या आमच्या मच्छीमार नगरात दोन गोष्टी एकदम होतात. समुद्रातली मासेमारी बंद होते आणि कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात. जून-जुलै असे दोन महिने होड्या वर ओढलेल्या, त्यांवर निळी ताडपत्री, पुरुष जाळी विणत बसलेले. घरात ताजी रोकड येत नाही. बायका सुकट, बोंबील, वाकट्या विकून घर ओढतात. नेमक्या त्याच दिवसांत फी भरायच्या शेवटच्या तारखा लागतात. विद्यापीठाचं वर्ष ज्यांनी आखलं त्यांच्या घरात दर महिन्याला पगार येत असणार, एवढं त्यावरून नक्की कळतं.

यंदा माझी भाची एफवायला गेली. आम्ही सोनकोळी, म्हणजे सरकारी कागदावर विशेष मागास प्रवर्ग. त्यामुळे शिकवणी शुल्काची सवलत मिळते; जिमखाना, लायब्ररी, ओळखपत्र असलं किडुकमिडुक राहतं आणि त्याचीही बेरीज बंदीच्या महिन्यात छाती दडपवते. सवलत तरी सुखासुखी कुठे मिळते! जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून आपण महाराष्ट्रातले आहोत याचा पुरावा लागतो. त्या काळात आमच्या माणसांनी कागद जपले नव्हते, जाळी जपली होती. उत्पन्नाच्या दाखल्याचं तर आणखी अवघड. होडीवर पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ, होडीचा हिस्सा वजा जाऊन जे उरेल ते खलाशी वाटून घेतात. कधी पाटीभर कोळंबी, कधी नुसता कचरा. त्याचं 'वार्षिक उत्पन्न' किती लिहायचं, यावर माझी बहीण आणि मेहुणा एक अख्खी संध्याकाळ भांडले.

एवढं सगळं पार करून पोरगी वर्गात जाऊन बसली, आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या एका मुलाने तिला ऐकवलं, "तुमची फी आमच्या बापाच्या टॅक्समधून जाते."

ती घरी आली ती थेट माझ्याकडे. मी तत्त्वज्ञानात एमए केलंय, कलिन्याच्या विद्यानगरीत, ज्ञानेश्वर भवनात. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ती म्हणाली, "मावशी, तू फिलॉसॉफीवाली ना? मग सांग, मी नक्की कुणाचं देणं लागते?"

पोरांना वाटतं, तत्त्वज्ञानाचे प्रश्न पुस्तकात असतात. हा प्रश्न पुस्तकातलाच आहे, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. पण त्याआधी त्या मुलाचा हिशेब तपासला पाहिजे, कारण तो हिशेबच चुकीचा आहे.

माझी आई शाळेत गेली नाही. पहाटे ससून डॉकला जाऊन लिलावातली मासळी उचलायची आणि दिवसभर बाजारात बसायचं, हे तिने जन्मभर केलं. साबण, खोबरेल, मोबाइलचं रिचार्ज, पावसाळ्यातली ताडपत्री, बर्फाची थर्माकोलची पेटी, यांतल्या प्रत्येक गोष्टीवर तिने कर भरलाय. आधी विक्रीकर म्हणून, आता जीएसटी म्हणून. त्या पैशातून रस्ते झाले तसं विद्यापीठही चाललं. ज्या विद्यापीठाची पायरी ती चढली नाही त्याच्या प्राध्यापकांच्या पगारात तिच्या बोंबलाचा पैसा आहे. म्हणजे आमच्या घरातलं पहिलं पोर कॉलेजात जाईपर्यंत आम्ही काही पिढ्या फुकट भरणा केला होता.

हे मी नव्याने शोधलेलं नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिराव फुल्यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येतो आणि त्यातून उच्चशिक्षण घेतात ती वरच्या वर्गांची मुलं. रयतेच्या वाट्याला साधी प्राथमिक शाळाही धड येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मुंबई विद्यापीठाला पंचवीस वर्षं झाली होती. १८ जुलै १८५७ ला ते स्थापन झालं. १८६२ साली त्याचे पहिले चार बीए झाले, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मोठी माणसं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या यादीत कुणी कोळी, कुणी कुणबी, कुणी महार नव्हता, आणि कर मात्र या सगळ्यांनी भरलेला होता.

फुल्यांनंतर पंचेचाळीस वर्षांनी हाच हिशेब आणखी एकाने मांडला, आकड्यांसकट. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं की, कला महाविद्यालयांवरच्या खर्चाचा सुमारे ३६ टक्के भाग फीतून वसूल होतो, हायस्कुलांच्या खर्चाचा ३१ टक्के, मिडल स्कुलांचा २६ टक्के. हा शिक्षणाचा धंदा झाला, असा त्यांचा आरोप होता. शिक्षण खातं हे जितकं दिलं तितकं घेतलं या न्यायाने चालवायचं खातं नव्हे, हा त्यांचा मुद्दा. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले. आधी शिक्षण, मग पाणी. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. सगळ्यांच्या पैशाने बांधलेल्या गोष्टीवर हात कुणाचा पोचतो?

आणि पैशाचंच कशाला बोलायचं? फोर्टातला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तेव्हा त्याच्यासमोर ओव्हल मैदान होतं आणि त्यापलीकडे समुद्र. टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावासाठी. त्यांचा पैसा कापसाच्या आणि शेअरच्या सट्ट्यातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्या उन्मादात ज्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी होती. समुद्र बुजवून जमीन करायची कंपनी. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, माणसं रस्त्यावर आली. टॉवर मात्र नंतर उभा राहिला. पुढे भराव खरोखरच पडत गेला. आधी मरीन ड्राइव्ह, मग साठ-सत्तरच्या दशकांत नरिमन पॉइंट आणि आमच्या डोक्यावरचे हे कफ परेडचे मनोरे. ज्या पाण्यात जाळी पडायची त्या पाण्यावर आज कार्यालयं आहेत. मुंबईने शिक्षण, व्यापार, राज्यकारभार यांसाठी जी जागा केली तिच्यात कोळ्यांनी समुद्र घातला. याची पावती कुणाकडेच नाही.

तेव्हा त्या मुलाला सरळ उत्तर असं: तुझ्या बापाने भरलं, तसं आमच्या आईनेही भरलं, फरक इतकाच की तुमच्या घराने भरलेलं तीन पिढ्या वसूल केलंय, आमचं आत्ता सुरू होतंय. भाचीला हे उत्तर फार आवडलं. ती दुसऱ्या दिवशी ते वर्गात फेकायला निघालीच होती.

मी तिला थांबवलं. उत्तर खोटं म्हणून नव्हे, अर्धं म्हणून. 'माझा हक्क आहे, मी कुणाचं काही लागत नाही', असं म्हणून विषय मिटवता येतो, आणि ज्यांना शतकानुशतकं 'उपकार' म्हणून पाणी पाजलं गेलं त्यांनी तो तसा मिटवावा हेही मला मान्य आहे. पण हक्क एवढंच सांगतो की मला आत येऊ द्या. आत आल्यावर मी कशी वागू, हे तो सांगत नाही. शिवाय घटनेच्या २१-अ कलमाने शिक्षण हा मूलभूत हक्क केला तोही सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. विद्यापीठ त्यात बसत नाही. विद्यापीठ अजून हक्काच्या आणि भाग्याच्या मधल्या पडावात उभं आहे. माझ्या भाचीच्या वयाची किती पोरं आमच्या नगरात होडीवर जातात, किती पोरी टॉवरमध्ये धुणीभांडी करतात, हे तिला माहीत आहे. तिला मिळालं आणि त्यांना नाही, यात तिचं कर्तृत्व थोडं, बरंचसं बाकीचं. त्या 'बाकीच्या'चं काय करायचं, हा तिचा खरा प्रश्न होता, तिला तो तसा मांडता आला नाही इतकंच.

इथे मला आपली जुनी ऋणकल्पना कामाची वाटते. तैत्तिरीय संहितेत सांगितलंय की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ऋषींचं ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने फेडायचं, देवांचं यज्ञाने, पितरांचं प्रजेने. 'ब्राह्मण' एवढाच उल्लेख असल्यामुळे पुढे मीमांसकांना काथ्याकूट करावा लागला की हे ऋण क्षत्रिय-वैश्यांनाही लागू की नाही. ते तिघांना लागू झालं. खालचे आम्ही त्या वादात मोजलेच गेलो नाही. आमच्यावर ऋण नाही, कारण आम्हाला विद्याच नाही! एमएला असताना मी हे वाचून वैतागले होते. कर्जदारांच्या यादीत नाव नाही म्हणून रडणारी मी जगातली पहिलीच असेन.

पण शतपथ ब्राह्मणात हाच विचार येतो तेव्हा त्यात दोन बदल दिसतात. एक म्हणजे तिथे जातीचं नाव नाही. जो कोणी आहे तो ऋण घेऊन जन्मतो, असं म्हटलंय. नुसतं असणं पुरे. दुसरं म्हणजे तिथे चौथं ऋण येतं, माणसांचं. आणि ते कसं फेडायचं? माणसांना आसरा देऊन, जेवू घालून. ऋषिऋणाबद्दल तिथे म्हटलंय की ज्याने अध्ययन केलं तो ऋषींच्या ठेव्याचा राखणदार ठरतो. मालक नव्हे, राखणदार.

आणि हे ऋषी कोण? त्यांच्यातला सर्वांत मोठा, ज्याने वेद विभागले आणि महाभारत रचलं असं परंपरा मानते, तो व्यास. त्याची आई सत्यवती यमुनेवर होडी चालवायची. दाशराजाची, म्हणजे कोळ्यांच्या मुखियाची पोर. मत्स्यगंधा हे तिचं नावच होतं. आमच्या नगरातल्या म्हाताऱ्या अक्षरओळख नसताना ही गोष्ट सांगतात आणि सांगताना नाकाला हात लावून हसतात. विद्येचं सगळं ऋण ज्या ऋषीपाशी जाऊन पोचतं त्याच्या आईच्या अंगाला मासळीचा वास होता. ज्यांनी आम्हाला या वहीतून वगळलं त्यांनी ही नोंद खोडायची राहून गेली.

ऋणाच्या या कल्पनेत मला मोलाची वाटते ती एक गोष्ट: देवांचं सोडलं तर यातलं एकही ऋण ज्याने दिलं त्याला परत करायचं नसतं. पितरांचं ऋण पितरांना देता येत नाही, ते मुलांना द्यायचं. ऋषींचं ऋण ऋषींना देता येत नाही, ते शिकून आणि शिकवून पुढच्याला द्यायचं. तैत्तिरीय उपनिषदात शिष्य घरी निघतो तेव्हा गुरू त्याला जो उपदेश करतो, ज्याचा आधार आजही पदवीदान समारंभांत घेतात, त्यात स्वाध्याय आणि प्रवचन ही जोडी येते. स्वतः शीक आणि दुसऱ्याला सांग. दोन्हींत कुचराई नको.

बँकेचं शैक्षणिक कर्ज याच्या अगदी उलट. तिथे देणारा ठरलेला, रक्कम ठरलेली. शिक्षण संपलं की काही काळाने हप्ते सुरू, आणि शेवटचा हप्ता गेला की 'नो ड्यूज'. त्या दिवसापासून तुम्ही कुणाचे कोणी नाही. आता विद्यापीठाची भाषाही तशीच होत चालली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक जमा होतात त्या व्यवस्थेचं नावच अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. भाचीचं तिथे खातं उघडलंय. तिला वाटलं होतं, पैसे मिळणार.

फी आणि ऋण यांत फरक काय, हे कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात चांगलं दाखवलंय. कौत्स नावाचा शिष्य वरतंतू ऋषींना विचारतो, गुरुदक्षिणा काय देऊ? गुरू म्हणतात, तू सेवा केलीस तीच पुरे. कौत्स हट्टाला पेटतो. तेव्हा गुरू चिडून म्हणतात, मग चौदा विद्या शिकवल्या, चौदा कोटी आण! कौत्स रघुराजाकडे जातो, तर राजाने यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेलं. मातीच्या भांड्यातून तो अतिथीचं स्वागत करतो. शेवटी कुबेर रातोरात सोन्याचा पाऊस पाडतो. राजा म्हणतो सगळं ने, कौत्स म्हणतो मला चौदा कोटींवर एक नको. सगळे दोघांची वाखाणणी करतात. मी मात्र वर्गात पोरांना विचारते की, गुरू चिडले का? माझ्या मते ते चिडले, कारण कौत्साला खातं बंद करायचं होतं. त्याला विद्येचा आकडा हवा होता, म्हणजे तो देऊन मोकळं होता आलं असतं. आकडा मागितलास तर घे आकडा, असं आहे ते.

आपली परंपरा पैसे ठरवून शिकवण्याच्या विरुद्ध होती, हे खरं. मनुस्मृतीत तर पगार घेऊन शिकवणं उपपातकांत मोजलंय. त्या हिशेबाने मी पातकी, तेही तासाच्या दराने. पण ज्या ग्रंथाने विद्येला भाव लावायला मनाई केली त्यानेच आम्हाला त्या विद्येच्या दारात उभं केलं नाही. विद्या अमूल्य आहे हे सांगून ती कोंडून ठेवता येते, तशी ती महाग करूनही कोंडता येते. सरकारी विद्यापीठ या दोन कोंडवाड्यांच्या मधून वाट काढायचा प्रयत्न आहे: थोडी फी, बाकी सगळ्यांचं.

हे 'बाकी सगळ्यांचं' म्हणजे काय, हे मला शेवटी ग्रंथालयात नाही कळलं, आईच्या भिशीत कळलं. बाजारातल्या बायकांची भिशी असते. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि जमलेला सगळा गल्ला पाळीने एकीला द्यायचा. माझ्या एमएची फी अशाच एका भिशीतून गेली. आईची पाळी पुढची होती, पण जून होता, आणि एक बाई म्हणाली, "आदी हिला द्या, पोरीची फी हाय. माजा नंबर दिवालीला चालंल." आईने प्लास्टिकच्या पिशवीतून नोटांची गुंडाळी काढली, ओल्या बोटांनी दोनदा मोजली आणि माझ्या हातात दिली. मी चर्चगेटहून सांताक्रूझला गेले, रांगेत उभी राहिले, पैसे भरले, पावती घेतली. पावतीवर माझं नाव होतं. भिशीतल्या बायकांची नावं कुठेच नव्हती, असायचं कारणही नव्हतं.

भिशीत गंमत अशी की जी आधी उचलते ती कर्जदार आणि जी शेवटी उचलते ती सावकार, पण ही नावं कुणाला चिकटत नाहीत, कारण पाळी फिरत राहते. आधी उचलणारीने त्या नंबर सोडणाऱ्या बाईला वेगळे पैसे परत द्यायचे नसतात. तिने फक्त शेवटपर्यंत हप्ता टाकत राहायचं असतं, म्हणजे बाकीच्यांच्या पाळ्या येतात. भिशीत भीती एकाच गोष्टीची असते: पहिला नंबर उचलून कुणी पळून जाईल. हे सांगताना आईचा आवाज चढतो. "चोरटी परवडली," ती म्हणते, "चोरटी निदान भिशीत बसत तरी नाय."

आता फुल्यांचं १८८२ चं निवेदन पुन्हा वाचा. त्यांची तक्रार वरच्या जाती शिकल्या ही नव्हती. त्यांनी पहिला नंबर उचलला आणि पुढचे हप्ते टाकले नाहीत, ही होती. शिकून मोठे झालेल्यांनी आपली विद्या खाली पोचवली असती तर रयतेला वेगळी दाद मागावी लागली नसती. उलट ज्यांनी हप्ते टाकले त्यांच्याकडेही पाहता येतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला घरात काही उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र काढून दिलं. चौथं ऋण आठवा: माणसांना आसरा आणि अन्न. 'कमवा आणि शिका' म्हणून भाऊरावांनी पोरांना हातात कुदळ दिली, ती उपकाराची भावना राहू नये म्हणूनच. आंबेडकरांना तर दोन्ही अनुभव आले. बडोद्याच्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार झाला. १९१७ मध्ये कोलंबियाचं शिक्षण घेऊन ते करार पाळायला बडोद्याला गेले, आणि तिथे त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. ऋण फेडायला आलेल्या माणसाला समाजाने आपलं ऋण, आसऱ्याचं, नाकारलं. तरी त्यांनी हप्ता टाकला: १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, नोकरी करून शिकणाऱ्यांना जमेल अशा सकाळच्या वर्गांसह.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. ऋणाची भाषा नेहमी गरिबालाच का ऐकवली जाते? पहिल्या पिढीच्या पोराने शिकायचं, घर सावरायचं, भावंडांना शिकवायचं, वर समाजाचं देणंही फेडायचं. त्याच्या शेजारच्या मुलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्यावर किती ऋण? तो शिकतो, परदेशी जातो, आणि 'स्वकर्तृत्वाने' जातो. हे बरोबर नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की भिशीत ज्याने जितक्या आधी उचललं त्याचे तितके हप्ते बाकी. ज्या घरात पणजोबा मॅट्रिक होते त्या घरावरचं ऋण माझ्या भाचीपेक्षा जास्त आहे. टॅक्सची पावती दाखवून ते फिटत नाही, कारण टॅक्स माझ्या आईनेही भरलाय.

आणि विद्यापीठावरही ऋण आहे. विद्यार्थ्याने वेळेवर फी भरली नाही तर दंड लागतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा घाट घातला गेला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. त्या प्रकरणात कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पण ज्या पोरांचे पुढचे प्रवेश अडले, त्यांचा वाया गेलेला वेळ कुणी जमा केला? गरिबाच्या पोराकडे पैसा कमी असतो हे सगळ्यांना दिसतं, वेळ त्याहून कमी असतो हे दिसत नाही. एक वर्ष हुकलं की तो होडीवर चढतो आणि मग उतरत नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा दूरशिक्षणातून बीए करतोय. रात्री समुद्रावर, दिवसा झोप, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या नोट्स. त्याला केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तेव्हा त्याने मला विचारलं, "ताई, पेपरात लिहायला येतं पण वेळ पुरत नाही, याला काय म्हणतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या संस्थेत शेकडो कॉलेजं आणि काही लाख विद्यार्थी आहेत तिला एकेकाचं घड्याळ पाहणं जमणार नाही, हे मला कळतं. पण बंदीच्या महिन्यांत फीची मुदत पुढे ढकलायला काही ऋषी लागत नाहीत. एक परिपत्रक पुरतं.

हे सगळं मी भाचीला एका दमात सांगितलं नाही, तिने ऐकलंही नसतं. एवढंच म्हटलं, त्या मुलाला टॅक्सचा हिशेब जरूर सांग. पण त्याला हरवलंस म्हणजे तुझा प्रश्न सुटला असं समजू नको. तू कुणाचं देणं लागतेस? सरकारचं नाही, त्याच्या बापाचं तर नाहीच. ज्यांनी हप्ते टाकले आणि ज्यांची पाळी अजून आली नाही, त्यांचं लागतेस. ती माणसं तुला नावानिशी माहीत आहेत, सकाळी नळावर भेटतात.

ती म्हणाली, "म्हणजे मी नोकरी लागल्यावर इथेच राहायचं? समोरच्या टॉवरात घर घ्यायचं नाही?"

घे की, मी म्हटलं. भिशी टाकायला शेजारी राहावं लागत नाही. रानडे कुठे राहायचे याच्याशी फुल्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुढच्या वर्षी नगरातल्या पोरांचे महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला तू बसशील का, एवढा माझा प्रश्न. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो, बाप होडीवर असतो, उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं ते कुणाला कळत नाही; तुला ते आता कळतं. ही विद्या उपनिषदात नाही, पण ती आत्ता तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. राखणदार म्हणजे तेच.

यावर ती काही बोलली नाही, बोलली ती आई, सुकटीतला कचरा निवडत: "भिशीत बसलीस ना? मंग झालं तर. नंबर उचलल्यावर माणूस कलतं."

उपनिषदं, फुले, आंबेडकर आणि मी मिळून जे सांगत होतो ते आईने असं आटोपलं. विद्यापीठ चांगलं की वाईट, स्वस्त की महाग, याचा निकाल तिथे शिकणाऱ्यावरून लागतच नाही. तो लागतो शिकून बाहेर पडलेल्यावरून, त्याचा नंबर उचलून झाल्यावर. १८५७ पासून ज्यांनी उचलला त्यांचा हिशेब इतिहासाने पुष्कळ मांडलाय. आता आमची पोरं उचलू लागली आहेत, आणि हा प्रश्न आम्हालाही तेवढ्याच करड्या आवाजात विचारला गेला पाहिजे.